चार बोटं उंच

आकारामने हौद्याच्या काठावर चार बोटं जाडीची फळी ठेवली, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर उभा राहिला आणि उजवा गुडघा अजिबात न वाकवता आपल्याच पिकअपमध्ये चढायला लागला. डावा पाय फळीवर पोचला, पण बाकीचा देह काही त्याच्यामागून येईना. बाजूची साखळी धरून त्याने अंग ओढलं, नडगी खरचटून घेतली, आणि तिसऱ्या खेपेला तो हौद्यात जवळजवळ पालथाच पडला.

दुधाची किटली अडकवून बाळासो रस्त्याने चालला होता. शेजारच्या गल्लीतला, शाळेपासूनचा सोबती. त्याने मोटारसायकल थांबवली.

"काय रं, पायाला काय झालं?"

"काय न्हाय. चढाय येतंय का बगतोय."

"आपल्याच गाडीत?"

"मग काय दुसऱ्याच्या?"

बाळासोने त्याच्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, आणि एकट्या माणसाचं असं व्हायचंच अशा चेहऱ्याने किक मारली. आकारामला राग आला नाही. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी चंदगडच्या एका डोंगराआडच्या गावात दिलेली, आणि पावसाळ्यात तिचा फोन लागला तर लागला. रविवारी त्याच्या गाडीतून शेतावर जाणाऱ्या टोळीला सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकारामच्या तोंडून जे काही शब्द निघत, त्यातले निम्मे चहाच्या पातेल्याला उद्देशून असत. बाळासोशी बोलणं झालं हेही आज जास्तच होतं.

प्रश्न गाडी उचलायची की नाही, हा होता. जॅक लावून नव्हे, कायमची उंच करायची. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, टायर मोठे घालायचे.

कसबा बावड्यातल्या या मोरीपासून रोज सकाळी आठला तो धोंडुबाईची नऊ जणींची टोळी भरायचा आणि भांगलणीला, तण काढायला, शेतावर पोचवायचा. उन्हाळ्यात त्यात काही अडचण नव्हती. पण पाऊस होऊन गेला की शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पाडलेल्या असत आणि मधे मातीचा वरंबा उरलेला असे. भरल्या गाडीचं पोट त्या वरंब्यावर टेकायचं. गाडी टू-व्हील, ढकलणारी चाकं मागची दोनच, आणि ती जागच्या जागी फिरून चिखल उडवत बसायची. मग पाणंदीच्या तोंडाशी बायका उतरत, पदर खोचून चिखलातून पुढे चालत जात, आणि हलकी झालेली गाडी आकाराम कशीबशी काढून पलीकडे नेई. दहा मिनिटं त्यात जात.

शनिवारी धोंडुबाईने विषय काढला होता. टोळीची मुकादम ती, साठीची, सगळ्यांना आक्का. आकारामला ती अरेतुरे करायची आणि त्यालाही ते बरं वाटायचं.

"आकाराम, शियेचा पृथ्वीराज दोनदा येऊन गेला. त्याची गाडी फोर बाय फोर हाय म्हणं. चारी चाकं वढत्यात."

"व्हय, बगितलीय मी."

"मी काय त्याला हो म्हटलं न्हाय. पण बायका कुरकुर कराय लागल्यात. चिखल तुडवूनच निम्मा जीव जातोय, मग भांगलायचं कवा? तुज्या गाडीचं काय तरी कर बाबा."

तिचं काही चुकलं नव्हतं. टोळी गेली असती तरी आकाराम उपाशी मेला नसता. वैरण होती, खताची पोती होती, पिकअपला काम कुठेही मिळतं. पण पोती बोलत नाहीत. आणि खरं सांगायचं तर टोळीतल्या बाकीच्या आठ जणी बोलल्या नसत्या तरी त्याचं चाललं असतं. त्याला एकटी शालन बोलायला हवी होती.

शालन पन्नाशीची. नवरा फार पूर्वी वारलेला, मुलगा इचलकरंजीत मागावर कामाला. दोन वर्षांपूर्वी उसाच्या लागणीच्या कामात घसरून पडली तेव्हापासून तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. म्हणून रोज सकाळी आकाराम गाडी बरोबर मोरीच्या कठड्याला भिडवून लावायचा. कठड्यावरून तिला हौद्यात सरळ पाऊल टाकता यायचं. हे आपण कुणासाठी करतो ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी त्याची समजूत होती. आणि पाणंदीत बाकीच्या उतरल्या तरी शालन बसून राहायची, कारण तिला चिखलात चालणं जमायचं नाही. एकदा कुणीतरी थट्टा केली तेव्हा आकारामने मागच्या चाकांवर थोडं वजन लागतंच, नाहीतर ती फिरतात, असं सगळ्यांना शास्त्रशुद्ध सांगितलं होतं. "शालनचं कसलं आलंय वजन," झुंबरबाई म्हणाली होती, "त्यापरीस वैरणीच्या दोन पेंड्या ठेव." सगळ्या हसल्या होत्या आणि विषय तिथेच राहिला होता.

केबिनची मागची काच फुटून दोन पावसाळे झाले होते. ती त्याने बसवून घेतली नव्हती. त्या चौकटीला पाठ लावून शालन पोत्यावर बसायची, आकाराम पुढे स्टिअरिंगवर, आणि गाडी चिखलातून सरकत असताना एकमेकांची तोंडं न बघता ती दोघं बोलायची. बोलणं तरी काय, तर विजेचा मीटर, मुलाने फोन केला का नाही, डाळ कुठल्या दुकानात बरी मिळते. पण आज काय खाल्लं असं त्याला विचारणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते दिवसातून दहा मिनिटं, चिखल असेल तरच. गाडी उचलली की पोट टेकणार नाही. पोट टेकलं नाही की कुणी उतरणार नाही. न उचलावी तर टोळीच पृथ्वीराजच्या गाडीत जाणार. रविवार त्याने या दोन टोकांत येरझाऱ्या घालून काढला.

सोमवारी पाणंदीत बायका उतरून पुढे गेल्या. आकारामने पहिला गिअर टाकला.

"आज काय केलतासा?" मागून आवाज आला.

"वांगं."

"खोटं. तुमचा डबा मीच पुढं दिला मगाशी. हलका हाय. भाकरी आणि चटणी असंल नुसती."

चौकटीतून एक हात आत आला. फडक्यात गुंडाळलेला झुणका आणि अर्धी भाकरी त्याच्या खांद्याशी थांबली. त्याने ती घेतली आणि मांडीवर ठेवली. फडकं अजून गरम होतं.

"गाडी उचलून घ्यावी म्हणतोय," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"उंच करायची. मग वरंब्याला टेकत न्हाय. बायकास्नी उतराय लागणार न्हाय."

गाडी वरंब्यावर एकदा खरवडली आणि पुढे सरकली.

"बरं हुईल की मग. झुंबरबाईचा पाय मुरगळलाय चिखलात."

"हौदा बी वर जाईल. चार बोटं."

"जाऊ दे की."

"चढाय जमंल तुमास्नी?"

"न जमाय काय झालं? बायका हात देत्यात की."

एवढं सरळ उत्तर त्याला नको होतं. कशाला उगाच, आहे तीच बरी आहे, असं ती म्हणेल, निदान जरा अडखळेल, असं त्याने धरलं होतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली. बाई माणूस, दुसरं काय बोलणार? बाकीच्यांचे हाल होत असताना आपल्यासाठी गाडी ठेंगणी ठेवा असं कोण म्हणेल? पलीकडे पोचेपर्यंत त्याला हे पटलंही होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक विचार आला. तो इतका सोपा होता की आधी सुचला कसा नाही याचंच त्याला हसू आलं.

मंगळवारी टोळीला शेतावर सोडून तो उद्यमनगरातल्या गॅरेजात गेला. फिटर सम्राट तिशीचा, हाताला काळं आणि बोलायला चोख. त्याने गाडीखाली जाऊन टॉर्च मारला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,

"मामा, सांगतो त्याचा राग मानू नका. पाटं वाढवलं की सांगाडा वर जातोय, पण मागच्या चाकांमधला ह्यो गोळा हाय तिथंच ऱ्हातोय. त्यो वर घ्यायचा तर टायर मोठं पायजेत. आणि दोन्ही केलं तरी गाडी टू-व्हीलच. चाकं फिरायची ती फिरणारच."

"पोट टेकणार न्हाय न्हवं?"

"पोट न्हाय टेकणार. पर वळणावर झुकती उंच गाडी. मागं माणसं असली तर जपून घ्या. पासिंगला बी विचारतील."

"विचारू देत. कर तू."

"बगा बरं. एकदा उचलली की परत खाली घ्यायची म्हंजे डबल काम."

"कर म्हटलं न्हवं."

सम्राटने मान हलवली. आकाराम गाडीभोवती एक चक्कर मारून परत त्याच्याजवळ आला.

"आणि एक पायरी लाव. लोखंडी, दणकट."

"ते बरं केलासा. बायकास्नी चढाय लागंलच." सम्राट हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी जाऊन वाकला. "हितं मधोमध लावतो. साखळी धरून चढतील."

"मागं न्हवं. पुढं. डाव्या दाराला."

"पुढं कोण बसतंय?"

आकारामने टायरकडे बघितलं. "डबं असत्यात," तो म्हणाला.

डब्यांना पायरी कशाला हा प्रश्न सम्राटच्या ओठांवर आला असणार. पण गिऱ्हाईक वडिलांच्या वयाचं होतं. "काच बी फुटलीया मागची," तो म्हणाला, "बसवू काय?"

"बसव," आकाराम म्हणाला. आता त्या रिकाम्या चौकटीची गरज उरली नव्हती.

त्याने सगळा हिशेब मांडून ठेवला होता. शालनला हौद्यात चढता येणार नाही, मग तिने पुढे बसायचं. दहा मिनिटांच्या जागी बावडा ते शेत, शेत ते बावडा, चिखल असो नसो. ड्रायव्हरशेजारी टोळीतली बाई बसत नसे हे खरं. तसा नियम कुणी केला नव्हता, पण पुढच्या सीटवर नेहमी डबे, पाण्याचा कॅन आणि खुरप्यांचं गठुळंच असे. पण गुडघा दुखणाऱ्या बाईला पुढे बसवलं यात कोण काय बोलणार? आक्का तर उलट बरं केलंस म्हणेल. बुधवारी गाडी गॅरेजलाच होती आणि टोळी जवळच्या मळ्यात पायी गेली. संध्याकाळी गाडी घरी आणल्यावर त्याने ती धुतली, सीटला नवं कव्हर चढवलं आणि पायरीला स्वतःच्या हाताने लाल रंग दिला. त्या संध्याकाळी तो सुखात होता. त्याने खरोखर वांगं केलं.

गुरुवारी आठ वाजता बायका मोरीपाशी जमल्या. गाडी लांबूनच वेगळी दिसत होती.

"दादा, गाडीचं लगीन ठरलंय काय?" क्रांती म्हणाली. टोळीतली सगळ्यात धाकटी, तोंडाने फटकळ. "न्हाऊन-धुऊन उभी केलीया."

"लई उंच झाली की वं दादा," झुंबरबाई म्हणाली. "आता शिडी बी आणा."

आकाराम डाव्या बाजूने फिरून आला आणि त्याने दार उघडलं. गुडघ्याचं सांगायचं असं त्याने रात्री ठरवलं होतं. तुमचा गुडघा दुखतोय, तर तुम्ही पुढं बसत जावा. साधं वाक्य. पण नऊ जणींसमोर त्यातला गुडघा नेमका गळला.

"शालन, पुढं बसा," तो म्हणाला. "पायरी केलीया."

नाव घेताना ताई नाही, वहिनी नाही, काहीच त्याने लावलं नाही, हे त्याच्या तोंडून गेल्यावर त्याला कळलं. झुंबरबाईने फाळक्याकडे बघितलं. तिथे पायरी नव्हती. मग तिने पुढच्या दाराकडे बघितलं. क्रांतीने हसू आवरायला तोंडावर पदर घेतला, आणि मग ते हसूही विझलं. एकट्या एका बाईसाठी केलेली लाल पायरी नऊ जणींच्या मधोमध उभी होती. आकारामला ती आत्ता पहिल्यांदा दिसली.

शालनने पायरी बघितली, सीटचं कव्हर बघितलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती मागच्या बाजूला गेली.

"हात दे गं, क्रांती."

क्रांती वर चढली होती, तिने दोन्ही हात दिले. झुंबरबाईने खालून आधार दिला. कठड्यावरून शालनचा डावा पाय वर पोचला, आणि उजवा तिने तसाच ताठ ओढून घेतला. गुडघा लोखंडावर आपटला. आवाज सगळ्यांनी ऐकला.

आकाराम दार धरून उभाच होता. तेव्हा धोंडुबाई पुढे आली. तिने त्याला दंडाने बाजूला केलं.

"सर तिकडं. माजं गुडघं तरी काय धड हाईत? मी बसतो पुढं." आणि पायरीवर पाऊल ठेवून, सगळे डबे मांडीवर घेऊन ती बसली. मागे कुणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं, दुसरी हसली, आणि रोजच्यासारखा गलका परत सुरू झाला. पण नवी काच बसली होती, त्यामुळे आतून तो नुसता दिसत होता.

पाणंद आली. आकारामने सवयीने ब्रेकवर पाय ठेवला, मग उचलला. गाडी चाकोरीत उतरली, वरंबा पोटाखालून निघून गेला, चाकं एकदा किंचित फिरल्यासारखी झाली आणि धरली. सम्राटने काम चोख केलं होतं.

"मोरीच्या कठड्याला गाडी लावतोस," धोंडुबाई समोर बघत म्हणाली, "दोन वरसं झाली. आमी काय आंधळ्या हाय व्हय?"

आकारामने गिअर बदलला.

"कुनी कवा काय बोललं?"

"न्हाय."

"का बोलावं? बाईचा पाय मोडका, माणूस जपतंय, चांगलंच हाय की. माज्या मनात तर लई काय काय यायचं. म्हटलं, हुईल तसं हुईल." तिने डबे सावरले. "ही पायरी मागं लावली असतीस तर नऊ जणी चढल्या असत्या. त्यात ती बी चढली असती. कुनाला काय कळलं असतं, आकाराम?"

डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही, कारण शेजारी माणूस बसलं होतं.

"सांजच्याला काढून मागं लावू?"

"आता?" धोंडुबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. "आता काढलीस तर आणिकच उठून दिसंल. ऱ्हाऊ दे. मी बसतो रोज पुढं. दुसरं काय करतोस?"

शेताच्या बांधाशी गाडी थांबली. बायका भराभर उतरल्या. शालन काठावर बसून, हात टेकून खाली सरकली. आकाराम रोजच्यासारखे डबे वाटत मागे आला. तिचा डबा तिने दोन्ही हातांनी घेतला.

त्याला हाक मारायची वेळ आली की टोळीतल्या सगळ्या दादा म्हणायच्या, आक्का सोडून. शालन काहीच म्हणायची नाही. दोन वर्षांत तिने त्याला एकदाही कुठल्या नात्याने हाक मारली नव्हती. सरळ बोलायलाच लागायची. त्या न मारलेल्या हाकेवर त्याने मनात किती मजले चढवले होते ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"येतो, दादा," ती म्हणाली. आवाज मऊ होता, समजूत घातल्यासारखा. "सांजच्याला येतासा न्हवं येळंवर?"

"व्हय," आकाराम म्हणाला. "येतो की."

ती बाकीच्यांच्या मागून लंगडत बांधावरून खाली उतरली. रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी ती सगळी पोचली होती. आकारामने गाडी वळवली. परत येताना पाणंदीत ती कुठेच अडली नाही.